झंझावाताच्या केपला स्टार्च

कापड कुठलंही असो, कडकरावांच्या लाँड्रीतून ते मऊ बाहेर पडलं असं कधी झालं नाही! त्यांनी इस्त्री केलेला शर्ट हँगरविना उभा राहतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची. "आपल्या हाताखालून गेलेला कपडा मोडेल, पण वाकणार नाही!" ही त्यांची रोजची बढाई. त्यांचं खरं नाव आठवायला बायकोलासुद्धा जरा वेळ लागायचा.

असे हे कडकराव एकाच माणसापुढे लोण्यासारखे वितळायचे, आणि तो माणूस मुळात अस्तित्वातच नव्हता. झंझावात! निळा अंगरखा, पाठीवर लाल केप, एका झेपेत नदीपलीकडे. लहानपणी त्यांनी त्याची चित्रांची पुस्तकं अंथरुणात वाचली, वर्गात वाचली, मार खाता खातासुद्धा वाचली. पन्नाशी उलटली तरी शटर अडकलं की त्यांच्या तोंडून निघायचंच, "आत्ता झंझावात हवा होता!"

त्यामुळे एका सकाळी नाटक कंपनीच्या मॅनेजरबाईंनी काउंटरवर पिशवी ठेवली तेव्हा कडकरावांच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली.

"झंझावाताचा ड्रेस आहे. चहा सांडलाय. आज संध्याकाळी मैदानावर लहान मुलांसाठी प्रयोग आहे आणि ड्रेस एकच आहे, सांभाळून! दुपारनंतर झंझावात स्वतः न्यायला येईल."

"स्वतः?" कडकरावांचा आवाज चिरकला.

"मग? त्याला काय नोकरचाकर आहेत?"

झालं! झंझावाताने हा ड्रेस हातात घ्यावा आणि 'वा!' म्हणावं, एवढी एकच इच्छा आता कडकरावांच्या आयुष्यात उरली. बायकोला त्यांनी पिशवीला हातही लावू दिला नाही. चहाचा डाग चुटकीसरशी गेला.

"आता वाळत टाका आणि हात मागे घ्या," बायको म्हणाली.

पण कडकराव दोरीवरच्या केपकडे बघत उभे राहिले. ती पंच्यासारखी लोंबत होती. त्यांना अगदी भडभडून आलं.

"अगं, पुस्तकात ही कधी अशी लोंबते का? तो नुसता उभा असला तरी मागे फडकत असते!"

"पुस्तकात वारा असतो."

"बंद खोलीतसुद्धा?"

बायको कपाळावर हात मारून आत गेली, आणि घात तिथेच झाला. कडकरावांनी केपला स्टार्च केला. मग भरवसा वाटेना म्हणून पुन्हा केला. मग प्रेमाने आणखी एकदा केला. बाक नीट यावा म्हणून पालथ्या टबावर टाकून वाळवली. वाळल्यावर टिचकी मारली तर टणकन आवाज आला! फडकताना गोठून जावी तशी ती केप डौलात मागे उभी राहिली होती.

"आता घालून बघतो. चाचणी नको?"

"अहो, नको! पोट बघा आपलं!"

पोट बघायला वेळ कोणाला होता? मागच्या खोलीत जाऊन त्यांनी श्वास आत ओढला, बायकोने कपाळावर आठ्या घालून मानेमागचे हूक लावले, कडकरावांनी श्वास सोडला आणि ते हूक असे ताणले गेले, की पुन्हा निघायचं नावच घेईनात. बायकोने ओढलं, चिमटा लावला, देवाचं नाव घेतलं. छे! तेवढ्यात बाहेरून हाक आली म्हणून कडकराव सवयीने वळले. केपही वळली आणि हँगरची अख्खी रांग भुईसपाट झाली.

काउंटरवर शाळेतल्या रिटायर्ड बाई उभ्या होत्या. त्यांनी झंझावाताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ते सगळं असू दे. माझी साडी झाली का?"

कडकराव साडी शोधायला वाकले, तर केपच्या टोकाने मागच्या फडताळातली चादरींची चळत उडून बाईंच्या अंगावर आली. आरडाओरडा ऐकून शेजारचा चांभार आला, त्याच्यामागून दोन गिऱ्हाइकं आली, आणि त्या गर्दीतून वाट काढत, हेल्मेट काढत, शिंकत एक काडीपैलवान आत शिरला.

"ड्रेस झाला का हो? मी झंझावात."

कडकरावांनी त्याच्या काडीसारख्या दंडांकडे पाहिलं. हा? याला शटरसुद्धा उचललं नसतं! पण प्रेम ते प्रेम.

"झालाय," ते खालमानेने म्हणाले, "पण माझ्या अंगावर आहे."

झंझावात 'वा!' म्हणाला नाही. "काढा!" म्हणाला.

"निघत नाही!" बायको आतून ओरडली. "पाणी ओतू का?"

"ओला ड्रेस घालून नाचू का मी? प्रयोगाची वेळ झाली! आमचा शिंपी तिकडे आहे, तो उसवून पुन्हा शिवेल. चला, बसा स्कूटरवर!"

कडकराव मागे बसले आणि खऱ्या वाऱ्याशी केपची पहिल्यांदा गाठ पडली. स्कूटर उजवीकडे वळायची, केप डावीकडे! झंझावात हँडलला लोंबकळत होता आणि मागे कडकराव डोळे मिटून किंचाळत होते. मैदानावरच्या पोरांनी मात्र एकच जल्लोष केला. "झंझावात आला! झंझावात आला!" एका चिमुरडीने तर धावत येऊन त्यांच्या पायाला मिठी मारली. पुढे स्कूटर चालवणाऱ्याला कुणी विचारलंही नाही.

शिंप्याने टाके उसवून कडकरावांना सोडवलं, नटाला आत कोंबून पुन्हा टाके घातले आणि पडदा उघडला. कडकराव बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत विंगेत बसून नखं खात होते. आपल्या झंझावाताचं आपल्या हाताने वाटोळं झालं, हे त्यांना अगदी पटलं होतं. पण समोर केप ताठ! झंझावात उभा तरी उडतोय, बसला तरी उडतोय! पोरं नुसती वेडी झाली.

प्रयोग संपल्यावर नट घामाघूम होऊन आला आणि त्याने कडकरावांचे दोन्ही हात धरले.

"वा!" तो म्हणाला. "दादा, कुणाला सांगू नका, पण दर प्रयोगात त्या मऊ केपमध्ये पाय अडकून मी पडायचो. आज पहिल्यांदा पडलो नाही. वाचवलंत मला!"

कडकरावांचे डोळे भरून आले. आपण झंझावाताला वाचवलं! आता धावत घरी जाऊन बायकोला सांगायचं. पण घालायचं काय? कपडे तर दुकानात राहिले होते.

"आता हाच एक उरलाय," म्हणत मॅनेजरबाईंनी त्यांच्या अंगावर काळा झगा टाकला. नाटकातल्या दुष्ट काजळ्याचा.

कडकराव तरंगतच बाहेर पडले. मैदानात झंझावात पोरांना सह्या देत होता. कडकरावांनी जिव्हाळ्याने हात उंचावला. नटाने मान वर केली, काळा झगा बघितला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून वाक्य निसटलं,

"तो बघा काजळ्या! पकडा त्याला!"

दोनशे पोरं वळली. सगळ्यांत पुढे ती मिठी मारणारी चिमुरडी होती, हातात चिखलाचा गोळा घेऊन.

कडकराव जीव घेऊन पळाले, पण चार पावलंही गेले नसतील तोच झगा पायात अडकला आणि ते साष्टांग आडवे झाले. पाठीवर धपाधप गोळे पडत असताना त्यांनी त्या झग्याचं टोक चिमटीत धरून पाहिलं. इतकं मऊ कापड त्यांनी जन्मात हाताळलं नव्हतं.