नमुन्यात मणके पाच

एक मणका कमी आहे हे मंगळवारी सकाळी कळलं. मुलगा सव्वीस वर्षांचा, गोदामाच्या कचेरीत सहा महिने उमेदवारीवर. महिनाअखेर कायम व्हायचं, तर डॉक्टरांचा दाखला हवा होता. कंबर दुखते म्हणाला, म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे काढला.

"कमरेत पाच मणके असतात. तुम्हाला चारच आहेत," डॉक्टर म्हणाले. "पाचवा खालच्या हाडाला चिकटलाय. जन्मापासून."

"मग आता?"

"आता काही नाही. असे पुष्कळ लोक हिंडतात, त्यांना पत्ताही नसतो. दुखतंय ते बहुतेक दिवसभर वाकून बसण्यानं."

वडील शिंपी. बायको जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हापासून मशीनकडे कमी आणि मुलाकडे जास्त बघायचे. त्यांनी मुलाला उभं करून मानेपासून कमरेपर्यंत टेप लावला.

"माप पूर्ण भरतंय. कापड तेवढंच, शिवण एक कमी." टेप गुंडाळत ते म्हणाले, "तुझी आई असती तर 'नीट बस मेल्या' म्हणून पाठीत धपाटा घातला असता. एक्स-रेपर्यंत गोष्ट गेलीच नसती."

कचेरीत हेडक्लार्कनी दाखला उजेडात धरला. दाखल्याचा हा नमुना फार पूर्वी हमालांसाठी छापला होता. गठ्ठा संपत नव्हता, म्हणून सगळ्यांसाठीच वापरत.

"काय छापलंय? वाच."

"कमरेचे मणके पाच, तपासले, ठीक."

"आणि डॉक्टरांनी पाच खोडून चार केलंय. खाडाखोड चालत नाही."

"पण साहेब, चारच आहेत."

"ते तुझं घरचं झालं. नमुन्यात पाच आहेत."

डॉक्टर पाच लिहीनात, हेडक्लार्क चार घेईनात. महिना संपायला आठवडा उरला, तेव्हा वडील स्वतः कचेरीत आले.

"साहेब, अंगाप्रमाणे कपडा बेततात. कपड्याप्रमाणे अंग कसं बेतणार?"

"इथे तसंच बेततात," हेडक्लार्क म्हणाले.

"मग पोरानं घरी बसायचं?"

"अपवाद म्हणून प्रकरण वर पाठवता येईल. पण तुलनेसाठी नियमात बसणारी एक पाठ जोडावी लागते." त्यांनी सभोवार पाहिलं. सगळ्यांनी फायलींत डोकी घातली. "जाऊ द्या, माझीच जोडतो. तीस वर्षं या खुर्चीत आहे, एकदाही कण्हलो नाही."

शुक्रवारी त्यांचा एक्स-रे आला. लिफाफा उघडून त्यांनी अहवाल वाचला, परत मिटला, आणि मुलाला आत बोलावून दार लावलं.

"मोजता येतं ना? मोज."

मुलानं बोट ठेवून मोजले. "सहा, साहेब. अहवालातही सहाच लिहिलंय."

"खालून मोज."

"खालूनही सहाच."

हेडक्लार्क मटकन बसले. "माझ्या दाखल्यावर पाच लिहिलंय रे! खोट्या दाखल्यावर तीस वर्षं नोकरी केली मी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आणि हे काय झालं!"

"डॉक्टर म्हणतात, असे पुष्कळ लोक हिंडतात."

"हिंडत असतील. हजेरीपटावर नसतात." ते उठले ते कमरेवर हात ठेवून. "काल ठणठणीत होती. आता सहावा टोचतोय."

दुपारी त्यांनी टिपण लिहिलं: 'उमेदवाराचे मणके चार. तुलनेसाठी जोडलेल्या एका जुन्या कर्मचाऱ्याचे सहा. एकूण दहा. सरासरी प्रत्येकी पाच, नमुन्याप्रमाणे. मंजुरी मिळावी.'

वरच्या साहेबांनी बेरीज तपासली, भागाकार तपासला आणि सही केली.

मुलगा एक तारखेपासून कायम झाला. आता तो आणि हेडक्लार्क समोरासमोर बसतात आणि उठताना एकाच सुरात कण्हतात. कमरेवर उपाय अजून कोणी सुरू केलेला नाही.