ऊन पडलं की रुसणारे व्याही

या, असे जवळ या. उंबऱ्यात काय उभे राहिलात पाहुण्यासारखे? आणि ती खिडकी कोणी लावली? चार थेंब आत आले तर विरघळणार आहात का? तुम्हा शहरातल्या माणसांना पाऊस आवडतो तो काचेपलीकडचा. आमचे व्याही असते ना, तर त्यांनी खिडकी उघडून वर डोकं बाहेर काढलं असतं.

व्याही म्हणजे माझ्या सुषमाचे सासरे. अमेरिकेतले. नाव डॅन. उंची आमच्या दाराच्या चौकटीहून दोन बोटं जास्त, म्हणून आल्या दिवशीच कपाळाला टेंगूळ. आणि तऱ्हा अशी उलटी, की ऊन पडलं की हा माणूस रुसतो. सकाळी ओटीवर यायचं, आभाळाकडे बघायचं. लख्ख असलं की तोंड पाडून म्हणायचं, "आज सुट्टी." पाऊस आडवा मारत असला, पडवीचं प्लास्टिक फडाफडा वाजत असलं, की हात चोळत, "मस्त हवा!" सुषमाने एवढंच मराठी शिकवलंय, आणि त्यांचं तेवढ्यावर भागतं; बाकीचं इंग्रजी सुषमा आम्हाला मराठीत सांगते.

हे सगळं गोल्फपायी. त्यांचं गाव वाळवंटातलं. तिथे बाराही महिने ऊन, पाणी मारून वाढवलेलं गुळगुळीत गवत, खेळायला माणसं लांबून येतात. यांना ते नको. "ते गालिच्यावर खेळल्यासारखं," म्हणतात. यांना पाहिजे आयर्लंड. तिकडे म्हणे समुद्राकाठी उघड्या टेकाडांवर मैदानं असतात. झाड नाही, आडोसा नाही, गवत गुडघाभर, आणि वारा असा की पुढे मारलेला चेंडू मागे येतो. वर पाऊस. अशा ठिकाणी भिजत खेळायला हा माणूस वर्षानुवर्षं विमानाने जायचा. मी म्हटलं, "अहो, एवढं भिजायचंच होतं तर आमच्या शेणव्याला यायचं!"

थट्टेत बोलले हो मी. पण गेल्या आषाढात खरंच आले. लेक-जावयाबरोबर, पाठीवर काठ्यांची पिशवी घेऊन. आमच्या गावावरचा माळ बघितला मात्र, आणि पोरासारखे धावले. ढग पायांत आलेले, गवत वाऱ्याने आडवं झालेलं, खाली धरणाचं पाणी पसरलेलं. म्हणाले, "समुद्रसुद्धा आहे!" मी म्हटलं, असू दे.

ते भिजू नयेत म्हणून मी त्यांना पाठीवर घ्यायचं इरलं दिलं. वाकून भात लावणाऱ्या माणसासाठी असतं ते, आणि हेही वाकूनच उभे. पण काठी फिरवली आणि इरलं उडालं ते थेट जनीच्या शेळ्यांत. शेळ्या खालच्या पाड्यापर्यंत पळाल्या. जनी त्याच पाड्यातली, तोंडाची फटकळ. "गो काकू, तुझ्या याह्याला बांधून ठेव!" म्हणून ओरडत गेली.

मग व्याह्यांनी माळावर पहारीने पाच खळगे खणले, त्यांत पत्र्याचे डबे बसवले. लांबून दिसावं म्हणून प्रत्येकाशेजारी बांबूची काठी, तिला लाल फडकं.

इथेच घोळ झाला. आमच्या भागात माळावर लाल फडकं लागलं, की कुणी खेळ समजत नाही. आधी फडकी येतात, मग मोजणीची साखळी घेऊन माणसं, मग नोटीस, आणि मग ती जमीन आपली राहत नाही. धरणाच्या वेळी बघितलंय, रस्त्याच्या वेळी बघितलंय. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या बायांनी भाताची आवणी अर्धी टाकली, माळावर चढल्या, पाचही काठ्या उपटल्या आणि मारुतीच्या देवळात नेऊन टाकल्या.

व्याही भर पावसात रिकाम्या माळावरून परत आले. चेहरा असा, की मला वाटलं कोणी मारलं की काय. सुषमा हळूच म्हणाली, "आई, आज त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. दर वर्षी या दिवशी आयर्लंडमध्ये खेळायचे दोघं. सासूबाई गेल्यानंतरचा हा पहिलाच. आजचा खेळ पुरा व्हायला हवा होता त्यांना."

मी पदर खोचला. व्याह्यांना आणि सुषमाला घेऊन देवळात गेले. चिखलाच्या पायांनी सगळ्या बाया बसलेल्या. जनी उठली. "जमीन कोनासाठी मोजतोस रे बाबा? आमी काय आंधळ्या नाय. शेळ्या कुठं चारायच्या आमी?"

सुषमाने ते व्याह्यांना सांगितलं, आणि बायांना सांगितलं की ही मोजणी नाही, खेळ आहे. त्यांनी खिशातून दोन चेंडू काढले आणि तळहातावर धरले, एक पांढरा, एक पिवळा. पांढरा माझा, म्हणाले. पिवळा नोराचा. आधी मी मारतो, मग तिच्या वतीने मारतो.

"बायकोचा?" जनीने विचारलं. "ती पन खेळायची? पावसात?"

सुषमाने सांगितलं, तीच यांना ओढून न्यायची. हे छत्री शोधत बसायचे.

"आनि आता जिंकतं कोन?"

"नोरा," व्याही म्हणाले.

"रोज?"

"रोज."

"मंग खरा नवरा हाय," जनी म्हणाली, आणि देऊळ हसून दणाणलं.

काठ्या परत निघाल्या. पण लाल फडकी जनीने सोडून टाकली. "लाल नको. लाल बघितला का नोटीस आठवते." आपल्या जुन्या फुलाफुलांच्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून तिने पाचही काठ्यांना बांधल्या. खळगे तोवर पाण्याने भरून गवतात हरवलेले. मग दहा-बारा बाया पायांनी चाचपत माळभर फिरल्या. डबा लागला की ओरडायच्या, "हितं हाय गो!"

व्याह्यांनी खेळ सुरू केला. आम्ही सगळ्या मागे. पाचव्या खळग्याशी पांढरा चेंडू आत गेला. पिवळा टीचभर अलीकडे थांबला. काठीने नुसतं टेकवलं असतं तरी पडला असता. व्याही वाकले, आणि तसेच राहिले. पाऊस टोपीवरून ओघळत होता.

"पप्पा, मारा ना शेवटचा," सुषमा म्हणाली.

त्यांनी काठी पिशवीत ठेवली. "नोराला घाई नाही," म्हणाले.

पिवळा चेंडू तिथेच राहिला. त्यांची परत जायची वेळ झाली तरी तिथेच, आणि आजही तिथेच. जनी शेळ्या त्या बाजूला फिरकू देत नाही, हातात फोक घेऊन वळवते, वर त्यांना दम देते, "बाईचा खेळ चाललाय, दिसत नाय का?"

या आषाढात व्याही पुन्हा येतायत. तुम्हीही तेव्हा पुन्हा या. फार लांब नाही, आणि तांदळाची भाकरी गरम मिळेल. फक्त ऊन बघून येऊ नका हो. भरपूर पाऊस असेल तेव्हा या, आणि लवकर या; घाई नाही ती फक्त नोराला.