हसनाबादचा ठराव आणि वाटूरचा नवरदेव

हसनाबादच्या ग्रामसभेत अप्पारावांनी लग्नखरेदीचा ठराव मांडला, तेव्हा आपल्याच घरात लग्नाच्या वयाची मुलगी आहे ही बाब त्यांच्या ध्यानातून गेली होती. त्याला कारणही तसंच होतं. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, लोक पुन्हा हौसेनं लग्नं करू लागले होते, आणि नुकत्याच झालेल्या बद्रीनाथच्या मुलीच्या लग्नात आचारी जालन्याचा, बँड जालन्याचा, मांडवसुद्धा जालन्याचा होता. त्या लग्नातली जिलेबी मात्र अप्पारावांच्या पंगतीपर्यंत पोचली नव्हती. देशाच्या अर्थकारणावरचे बरेचसे विचार माणसाला अशाच एखाद्या पंगतीत सुचतात.

"गावचा पैसा गावातच राह्यला पाहिजे," अप्पाराव सभेत कळकळीनं म्हणाले. ठराव एकमतानं मंजूर झाला. लग्नास लागणारी प्रत्येक बाब गावातूनच खरेदी करावी; जो बाहेरून खरेदी करील त्याच्या लग्नावर गावाचा बहिष्कार. अंमलबजावणीसाठी स्थानिक प्राधान्य समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी भुजंगशेठ यांची निवड झाली, कारण गावातलं एकमेव मोठं दुकान त्यांचंच होतं आणि त्यामुळे विषयाचा त्यांना अभ्यास होता.

दिवाळी झाली आणि अप्पारावांच्या शिवकन्येचं लग्न जमलं. मुलगा मच्छिंद्र, वाटूरच्या रामरावांचा, शाळेत मास्तर. घरात आनंद झाला. तो अप्पारावांच्या बायकोनं, सोनूबाईंनी, शालूचा विषय काढेपर्यंत टिकला.

"शालू जालन्याहून आणा," त्या म्हणाल्या. "भुजंगशेठकडं हिरवं लुगडं आन गोणपाट, एवढी दोनच कापडं हायत."

"अगं, पण ठराव झालाय."

"मंग पोरीला ठराव नेसवता का?"

दुसऱ्या दिवशी अप्पाराव तोंडाभोवती उपरणं गुंडाळून सकाळच्या एसटीत चढले. शेवटच्या बाकावर एक जागा रिकामी होती. शेजारी आणखी एक गृहस्थ तोंडाला मफलर गुंडाळून बसले होते. गाडी हलली, धूळ आत आली, गृहस्थ शिंकले, आणि मफलरातून भुजंगशेठ बाहेर आले.

दोघांच्याही मांडीवर घडी केलेल्या रिकाम्या पिशव्या होत्या.

"कुठं निघाले, अप्पाराव?"

"दवाखान्यात. पोट दुखून राह्यलंय कालपासून. तुमी?"

"मी बी तिकडंच. कंबर धरलीय."

"बरं झालं. सोबत झाली."

दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला दोन-दोन पिशव्या कशाला लागतात, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. जालन्याला उतरल्यावर अप्पाराव म्हणाले, "तुमी व्हा पुढं, मी येतो मागून." भुजंगशेठ म्हणाले, "छे, दुखणाईत माणसाला एकटं कसं सोडू." असे ते परस्परांच्या काळजीपोटी एकमेकांचा हात धरून कापडबाजारातून, दोन्ही बाजूंच्या शालूंकडे न बघता, थेट दवाखान्यात गेले आणि रांगेत उभे राहिले. डॉक्टरांनी अप्पारावांचं पोट दाबलं. भुजंगशेठ बघत होते, म्हणून अप्पाराव कण्हले. मग भुजंगशेठची कंबर दाबली. तेही कण्हले, आणि अध्यक्ष असल्यामुळे जरा जास्तच कण्हले. दोघांनाही इंजेक्शनं मिळाली. परतीच्या गाडीत जागा होती, तरी दोघं हसनाबादपर्यंत उभ्यानं आले.

शिवकन्येसाठी भुजंगशेठकडचं हिरवं लुगडं घेण्यात आलं. त्याला सोनूबाईंनी स्वतःच्या जुन्या शालूचे काठ लावले. शिवकन्येनं ते घडी करून ठेवलं. ती सातवी पास होती आणि ठराव तिनं पूर्ण वाचला होता.

जेवणाचं काम समितीनं रामकिसनला दिलं. गावातलं एकमेव हॉटेल त्याचं, आणि त्या हॉटेलात चहा आणि भजी याखेरीज काही होत नसे.

"पाहुणे वाटूरचे हायत, पानात चार पदार्थ तरी दिसले पाहिजेत," अप्पाराव म्हणाले.

"बिलकुल. चार करतो," रामकिसन म्हणाला. "कांद्याची भजी, मिरचीची भजी, कढीतली भजी. आन गोड म्हणून पाकातली भजी."

राहिला बँड. गावात बँड होता, पण तो शाळेच्या झेंडावंदनापुरता. त्यात तिघं होते आणि तिघांना मिळून एकच धून येत होती, ती राष्ट्रगीताची. समितीनं यावर विचार केला आणि धून चांगलीच आहे, असा शेरा दिला.

लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळापासून नवरदेवाची मिरवणूक निघाली. बँड सुरू होताच सगळे वऱ्हाडी जागच्या जागी ताठ उभे राहिले. मच्छिंद्र मास्तर माणूस. तो घोड्यावरून उतरून सावधान झाला. धून संपली. नवरदेव घोड्यावर चढला, मिरवणूक चार पावलं सरकली, आणि बँड पुन्हा सुरू झाला. नवरदेव उतरला.

"अरे, जरा दम धरा," रामराव व्याही बँडवाल्यांना म्हणाले.

"आमाला वाजवायला बोलावलंय, मुकं चालायला न्हाई," बँडवाला म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

बँड वाजला की मिरवणूक थांबे, थांबला की चाले. मुहूर्त गोरजाचा होता. मिरवणूक मांडवात पोचली तेव्हा गुरं घरी येऊन, पाणी पिऊन, रवंथ करत बसली होती.

घाईघाईनं अंतरपाट धरला गेला. भटजींनी घसा साफ केला, आणि मागच्या रांगेतून बद्रीनाथ उठून उभा राहिला.

"माझी हरकत हाय," तो म्हणाला. "ठरावात म्हटलंय, लग्नाला लागणारी प्रत्येक बाब गावातूनच घ्यावी. नवरदेव वाटूरहून आणलाय."

ग्रामसेवकानं मान हलवली. नवरदेव ही लग्नास लागणारी बाब आहे, हे त्याला नाकारता येईना. समिती तिथंच पाण्याच्या हौदाआड बसली आणि लगेच निर्णय घेऊन परतली. भुजंगशेठ गंभीरपणे म्हणाले, "अप्पाराव, गावात माल उपलब्ध असताना बाहेरून आणता येत न्हाई. आपला कारभारी उपलब्ध हाय."

कारभारी हे त्याचं नावच; माणूस पन्नाशीचा विधुर. तो उठला आणि टोपी सारखी करू लागला.

अप्पाराव मटकन खाली बसले. आपण त्या दिवशी जिलेबी मागून घेतली असती तर, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात फिरत होता. सोनूबाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात अंतरपाटामागून शिवकन्येचा आवाज आला.

"ग्रामसेवक भाऊ, ठरावात 'खरेदी' लिव्हलंय ना?"

"हो. खरेदी."

"मंग आधी सांगा, नवरदेव खरेदी केलाय का?"

ग्रामसेवक विचारात पडला. नोकरीत आल्यापासून त्याला कुणी इतका अचूक प्रश्न विचारला नव्हता. "हुंडा दिला असल्यास खरेदी समजण्यात येईल आणि ठराव लागू होईल," तो म्हणाला. "दिला नसल्यास हा बिगरखरेदीचा नवरदेव. समितीचा संबंध नाही. दोन्ही पक्षांनी सभेसमोर सांगावं."

अप्पारावांच्या आतल्या खोलीत नवी कोरी सायकल आणि ट्रान्झिस्टर चादरीखाली झाकून ठेवलेले होते. रोख रकमेचं पाकीट तर सकाळीच रामरावांच्या बंडीत गेलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अप्पारावांनी रामरावांकडे पाहिलं. रामरावांनी कारभारीकडे पाहिलं. कारभारी मिशा पिळत होता.

"दादा, सांगा की," मच्छिंद्र वडिलांना हळूच म्हणाला. सबंध दिवसात तो एवढंच बोलला.

"आमी काय बी घेतलं न्हाई," रामराव म्हणाले.

"घेणार आहात का?" ग्रामसेवकानं विचारलं.

"घेणार बी न्हाई."

"मोठ्यानं सांगा. मागं ऐकू गेलं नाही."

रामरावांनी मोठ्यानं सांगितलं. सांगताना त्यांनी बंडीतलं पाकीट काढून, सुनेला आहेर म्हणून, शिवकन्येच्या ओटीत टाकलं. बद्रीनाथ खाली बसला. अक्षता पडल्या. वाटूरकरांनी पाकातली भजी दोनदा मागून घेतली आणि या पदार्थाला काय म्हणतात, अशी चौकशी केली. शिवकन्या सासरी गेली ती सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून. ती सायकल अप्पारावांनी मुलीला भेट दिली होती, आणि भेट ही खरेदी नसते.

पुढच्या ग्रामसभेला न भूतो न भविष्यति अशी गर्दी झाली. ठरावामुळे गावाच्या प्रगतीला खीळ बसते आहे, सबब तो रद्द करावा, असं भुजंगशेठनी सुचवलं. त्यांच्या तिघा मुलांची लग्नं व्हायची होती, आणि तीन हुंडे यायचे होते. विरोधात फक्त पुष्पाबाईंचा हात वर झाला. त्यांना चारही मुली. त्यांचा हात उशिरा वर आल्यामुळे धरण्यात आला नाही, आणि ठराव एकमतानं रद्द झाला.

अनुमोदन अप्पारावांनी दिलं. त्यांच्या मुलाला, वसंताला, स्थळं यायला लागली होती.

हे वाचून ज्याला हसू आलं, त्यानं घरातल्या लोखंडी कपाटाला टेकून खुशाल हसावं. फक्त ते कपाट कोणत्या दुकानातून घेतलं की लग्नात आलं, हे बायको घरात नसताना आठवून पाहावं.