कव्हरचं मी बघतो

'कव्हरचं मी बघतो,' असं मी विशाखाला म्हणालो, तेव्हा माझा हेतू चांगलाच होता. (माझे सगळे घोटाळे चांगल्या हेतूनंच होतात. वाईट हेतू ठेवायला डोकं लागतं.)

माझ्या बायकोनं दोन वर्षं खपून पाककृतींचं पुस्तक लिहिलं होतं. धपाटे, शेंगोळे, येसराची आमटी, सगळं मापासकट. कव्हरबद्दल तिची आवड ठरलेली होती. 'लोखंडी तवा, त्यावर एक धपाटं. बाकी काही नको. बघताच भूक लागली पाहिजे.' तिनं तसा फोटोही काढून दिला आणि चार दिवस वैजापूरला माहेरी गेली. रविवारी महिला मंडळात प्रकाशन होतं.

आता माझी आवड सांगतो. मला रिकामी जागा बघवत नाही. आमच्या फ्रिजवरसुद्धा मी दोन फुलदाण्या, एक गणपती आणि बंद पडलेलं घड्याळ मांडून ठेवलंय. एवढ्या मोठ्या कव्हरवर नुसतं एक धपाटं म्हणजे पाहुण्याला एकट्यालाच पंगतीत बसवल्यासारखं वाटलं.

मुकुंदवाडीत गोकुळचं दुकान आहे. तो मुख्यतः वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, अधूनमधून पुस्तकं. त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि सवयीनं विचारलं,

'शुभेच्छुक किती टाकायचे?'

'पुस्तकाला असतात का?'

'अभयभाऊ, आपल्याकडं शुभेच्छुकांबिगर काय असतंय? उद्या कुणी रुसलं तर मला नाय म्हणायचं.'

हे मला पटलं. विशाखाचे थोरले भाऊ साहेबराव, आमच्या वास्तुशांतीच्या फ्लेक्सवर आपला फोटो दुसऱ्या ओळीत बघून न जेवता निघून गेले होते. म्हणून आधी त्यांना घेतलं. त्यांना घेतलं म्हणून माझे चुलते काकासाहेब. मग चुलत्यांचा सोमनाथ. होता होता अकरा जण झाले. मध्यभागी विशाखा, हात जोडून. तिच्याशेजारी मी, गॉगल लावून. (लेखिकेच्या नवऱ्याला डावलून कसं चालेल?) तवा जागेअभावी गेला. धपाटं तेवढं कोपऱ्यात राहिलं. तीनशे प्रती छापून घरी आल्या.

शनिवारी दुपारी विशाखानं गठ्ठा सोडला. वरची प्रत उचलून तिनं कव्हरवरून बोट फिरवलं.

'धपाटं कुठंय?'

'हे काय, दादांच्या कानापाशी.'

'हे होय? मला वाटलं, दादानं कानात बाळी घातली.'

मी हसलो. ती हसली नाही. 'दोन वर्षं लिहिलं मी, अहो. उद्या बायका विचारतील, कोणत्या वॉर्डातनं उभी राहतेस?'

तिचे डोळे भरून आले आणि मला स्वतःची खरोखर लाज वाटली. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी म्हणालो, 'काय करू, सांग.'

तिनं पदरानं डोळे पुसले. 'एवढे शुभेच्छुक आहेत ना? बोलवा सगळ्यांना. आणि खाकी कागद आणा.'

संध्याकाळी सगळे शुभेच्छुक आमच्या हॉलमध्ये मांडी घालून बसले आणि जूनमध्ये पोरांच्या वह्यांना घालतात तशी पुस्तकांना कव्हरं घालू लागले. साहेबराव खूश होते. 'दाजी, फोटो लई भारी आलाय माझा. पहिल्या ओळीत हाय.' असं म्हणून ते त्याच फोटोवर कागद दुमडत होते. आमची मुलगी निशा हिनं अर्धा बटाटा कोरला. भोवती तव्याची कड, आत मधोमध भोकं पाडलेलं धपाटं. माझ्या चिकलठाण्याच्या ऑफिसातलं शाईचं पॅड घरी होतंच. (कसं आलं ते विचारू नका.) विशाखानं तीनशे शिक्के स्वतःच्या हातानं मारले. ज्याचं अक्षर बरं, त्यानं खाली पुस्तकाचं नाव लिहिलं. मग तिनं सगळ्यांना गरम धपाटे वाढले. जेवताना ती साहेबरावांच्या बाळीवरून हसलीसुद्धा, तेव्हा कुठं मी दुसरं धपाटं मागितलं.

प्रकाशनाला मंडळाच्या अध्यक्षा कडूबाईंनी पुस्तक उंच धरलं. 'काय साधं, देखणं कव्हर हाय! बघूनच भूक लागली. कुणाला सुचलं म्हणावं?'

विशाखा माझ्याकडं बघून म्हणाली, 'ह्यांच्यामुळंच सुचलं.'

टाळ्या पडल्या. मी उभा राहून चारी बाजूंना नमस्कार केला. तेवढ्यात कडूबाईंनी चष्मा सावरून खाकी कागदाची घडी उचकटली.

'अगं बाई, आत बी माणसं हायेत की! आणि हा गॉगलवाला कोण? ह्यानं सैपाक केलाय व्हय?'

'नाय हो, काकू,' विशाखा म्हणाली. 'त्यालाच झाकायला तर एवढा कागद आणला.'

ह्या वाक्याला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. मी अजून उभाच होतो.