भिंतीने खाल्लेली भजी

इज्जतदार माणूस बाहेर खात नाही आणि जो बाहेर खातो तो इज्जतदार नव्हे, हे तत्त्व मानवजातीला भाकरीचा शोध लागल्यावर लगेचच सापडले असावे. इतर गावांनी पुढे ते ढिलेपणाने पाळले. आमच्या गावाने मात्र निजाम सरकारच्या अमलात, फसली सन तेराशे तीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीसच्या सुमारास, या तत्त्वासाठी एक स्वतंत्र भिंत वापरात आणली. गावाचे नाव सांगत नाही, कारण गाव अजून इज्जतदार आहे. युसूफ वडगावच्या बाजाराला जाताना डाव्या हाताला लागते, एवढे पुरे.

या गावात सारजाबाई नावाची धनगराची बाई होती. नवरा वारला, पाठोपाठ साथीत मेंढरे गेली. उरलेल्या दोन मेंढ्या विकून तिने एक कढई घेतली आणि बाजारतळाच्या कडेला भज्यांचे दुकान मांडले. करडीचे तेल, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, उभा चिरलेला कांदा, हातावर चोळून टाकलेला ओवा आणि सोबत मीठ लावून तळलेली मिरची. भजे बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि पहिल्या घासाला जीभ भाजली तरी दुसऱ्यासाठी हात थांबत नसे. (असे म्हणतात. मी चावडीवर कारकून होतो. माझी सर्व माहिती कागदोपत्री आहे.)

सुरुवातीला तिच्याकडे एकच गिऱ्हाईक येई. धुळाजी मेंढके. तो रस्त्याकडे तोंड करून, मांडी घालून, मिशीला पीठ लागेपर्यंत खाई आणि कोणी पाहिले तर हात वर करून रामराम घाली. बाकीचे गाव लांबून वास घेत बाजाराला फेऱ्या मारी. भाजी घ्यायला आलेला माणूस तीच वांगी चार-चार वेळा चाचपून परत ठेवू लागला, तेव्हा सारजाबाईच्या लक्षात आले की अडचण भुकेची नाही, तोंडाची आहे.

तिने दुकानामागे मातीची एक भिंत घातली. पुरुषभर उंच आणि वीस-बावीस माणसे ओळीने बसतील एवढी लांब. तिला छप्पर नव्हते, दार नव्हते, जोडीला दुसरी भिंतही नव्हती. माणसाला तोंड करायला जागा देणे, एवढेच तिचे काम.

पुढच्याच बाजारी भिंत भरली.

भिंतीचे कायदे कोणी लिहिले नाहीत, पण सरकारी कायद्यांपेक्षा ते जास्त पाळले गेले. ज्याचे तोंड भिंतीकडे आहे तो तिथे नाही असे समजावे. पाठीमागून जाणाऱ्याने कोणाचीही पाठ ओळखू नये, मग ती सख्ख्या भावाची असली तरी. पागोटे काढून मांडीवर ठेवावे. खोकला आल्यास दुसऱ्याच्या आवाजात खोकावे. (हे शेवटचे जमायला वेळ लागला.) सारजाबाई कोणाचे नाव घेत नसे. पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन ओळीमागून फिरताना ती थेट भिंतीशीच बोले.

"भिंतीला आजून एक द्रोण देऊ का?"

"भिंतीला मिरची कमी पडली," भिंतीकडून उत्तर येई.

"बाई बाई, भिंत आज लई भुकेली हाय!"

धर्माची बाजूही चोख होती. गावचे उत्तरेश्वर जोशी यांनी, कोणी विचारले नसताना, खुलासा केला की धनगरणीच्या हातचे पाणी चालत नाही हे खरे, आणि भज्याच्या पिठात पाणी असते हेही खरे. परंतु पीठ तेलात पडताच ते पाणी चुर्र असा आवाज करून निघून जाते. जे निघून गेले त्याचा विटाळ कसला? सबब चुर्र पूर्ण होईपर्यंत थांबावे. पिण्याचे पाणी मात्र असा आवाज करत नसल्यामुळे ते निषिद्ध राहिले, आणि पर्यायाने हात धुणेही. म्हणून मंडळी खाऊन झाल्यावर हात भिंतीलाच पुसत. प्रत्येकाची जागा ठरलेली, त्यामुळे प्रत्येकाचा तेलकट डागही ठरलेला. ओळीत मधोमध एक चार बोटांचा डाग होता. गावात लहानपणी उसाच्या चरकात करंगळी गेलेला एकच माणूस होता, आप्पाराव देशमुख. पण डाग ओळखणे हे पाठ ओळखण्यासारखेच असल्याने तो कोणी ओळखला नाही.

तेव्हाची आकडेवारी अशी : गावात बाहेर खाणारे इज्जतदार, शून्य. बाजाराच्या दिवशी संपणारे पीठ, एक पोते. मधला फरक भिंतीच्या पोटात.

घरोघरी मात्र चिंता पसरली. बाजाराच्या रात्री पुरुषमाणसे ताटावर बसत आणि भाकरीकडे एखाद्या परक्या बाईकडे पाहावे तसे पाहून उठत. आप्पारावांच्या पत्नी बायनाबाई यांच्या नाकाला नवऱ्याच्या उपरण्याचा वास लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरीच भजी केली. तेल करडीचेच, पीठ घरच्या जात्यावरचे, वर तूपही वाढले. आप्पाराव पाटावर बसले, एक भजे खाल्ले, हळूहळू पाटासकट वळले आणि उतरंडीमागच्या भिंतीकडे तोंड करून दुसरे खाल्ले.

"तिकडं काय हाय?" बायनाबाईंनी विचारले.

"उकडतंय लई," आप्पाराव भिंतीला म्हणाले.

घरच्या भज्यांत नेमके काय कमी पडते, यावर गावातील अनेक स्वयंपाकघरांत त्या साली प्रयोग झाले. एकीने ओवा वाढवला, एकीने कांदा जाड चिरला. चोरून खाण्याची चव घरच्या पिठात कशी कालवावी, हे कोणालाच साधले नाही.

अशा रीतीने धर्म, इज्जत आणि सारजाबाईचे पोट या तिन्ही गोष्टी सुखाने चालल्या असताना तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला. एका जत्रेत पटकीची साथ पसरली होती, त्यामुळे सरकारला रयतेच्या पोटाची काळजी वाटू लागली होती. हुकूम असा : बाजारात शिजवून विकणाऱ्याने इजाजत घ्यावी. त्यासाठी गावातील दोन इज्जतदार असामींनी तपासणीला येणाऱ्या गिर्दावर साहेबांसमोर इजहार, म्हणजे जबानी, द्यावा की, आपण सदर दुकानी स्वतः खाल्ले असून प्रकृतीस अपाय झालेला नाही. इजहार न मिळाल्यास दुकान बंद.

हुकूम अत्यंत शहाणपणाचा होता. त्यात एकच लहानशी अडचण होती. इज्जतदार असामी तिथे खात नव्हत्या, आणि जे खात होते ते खाल्ल्याचे कबूल करताच इज्जतदार राहणार नव्हते. ही अडचण मी चावडीवर हुकूम वाचून दाखवतानाच मला दिसली. (मी ती बोललो नाही. कारकुनाने हुकूम वाचायचा असतो.)

सारजाबाई आप्पारावांच्या ओट्याखाली जाऊन उभी राहिली.

"मालक, तुमाला समदं ठावं हाय. कढई सोडली तर माज्याजवळ काय बी न्हाई. भिंतीनं एक डाव तोंड फिरवावं, एवढंच मागनं हाय."

"कोन्ची भिंत?" आप्पारावांनी विचारले.

ती जोशीबुवांकडे गेली. ते संध्येला बसले होते. त्या दिवशी त्यांची संध्या दिवेलागणीपर्यंत चालली. वाटेत धुळाजी भेटला. तो म्हणाला, "म्या देतो की साक्ष! कावून रडती?" यावर ती जास्तच रडली, कारण धुळाजीची साक्ष म्हणजे काय किमतीची, हे तिला चांगले ठाऊक होते.

गिर्दावर येण्याच्या दिवशी पहाटे गावात एक अभूतपूर्व घटना घडली. ज्यांनी आयुष्यात शेणाला हात लावला नव्हता, अशी सारी इज्जतदार मंडळी माती, भुसा आणि शेणाच्या पाट्या घेऊन भिंतीपाशी जमली आणि भिंत लिंपू लागली. आप्पाराव धोतर खोचून चिखल तुडवत होते. जोशीबुवा गिलाव्याचे गोळे देत होते. डागांवर जाड थर चढत होता. (मी केवळ देखरेखीला गेलो होतो.)

सारजाबाई दिवस उगवता आली आणि पाहतच राहिली. तिला वाटले, गाव आपल्या मदतीला आले. दुकान साहेबाला नीटनेटके दिसावे म्हणून थोरामोठ्यांनी हात मळवले. तिने पदराने डोळे पुसले, चूल पेटवली आणि पहिला घाणा काढला.

"खावा, माज्या बापांनो. आज पैसं न्हाई घ्यायची म्या."

वास सुटला. मंडळी एकमेकांच्या पाठी न ओळखता ओळीने बसली, प्रत्येक जण आपापल्या जागी. भजी त्या दिवशी फार चांगली झाली होती. (असे म्हणतात.) खाऊन झाल्यावर, इतक्या महिन्यांच्या सवयीने, प्रत्येकाने समोर हात पुसला.

गिलावा ओला होता.

गिर्दावर साहेब उन्हे चढल्यावर घोड्यावरून आले, तेव्हा भिंत जवळजवळ सुकली होती आणि तिच्यावर एका ओळीत पंजे उमटले होते, खोल, रेघारेघांसकट. आधी होते ते नुसते डाग होते. आता सरकारी कागदावर उठवलेल्या शिक्क्यासारखा एकेक हात समोर होता.

साहेबांनी चावडीऐवजी तिथेच बैठक घातली. मी इजहार लिहायला बसलो. प्रथम धुळाजी उठला. "म्या खाल्ली. दर बाजारी खातो. काय बी झालं न्हाई मला, बगा की!" असे म्हणून त्याने पोट दाखवले. उघड्यावर, रस्त्याकडे तोंड करून खाणारा इसम इज्जतदार नसल्याने हा इजहार रद्द झाला. आप्पारावांना विचारले तेव्हा त्यांनी उपरण्याखाली हात घट्ट धरून विचारले, "भजं म्हंजी गोल आसतंय का चपटं?" जोशीबुवा म्हणाले की त्यांनी ते कधी चाखलेले नाही, फक्त ओवा जरा कमी असतो असे ऐकले आहे.

मध्यंतरी साहेबांनी एक द्रोण तपासणीसाठी मागवला, मग दुसरा. तेही भिंतीकडे वळले होते, पण ते पंजे पाहण्यासाठी. शिवाय सरकारने खाल्ले त्याला तपासणी म्हणतात, त्यामुळे त्यांचा इजहार धरता येईना.

"हे पंजे कोणाचे?" साहेबांनी रुमालाला हात पुसत विचारले.

एकाएकी सर्वांचे हात उपरण्यांत, बंडीत, पाठीमागे गेले. शेवटी आप्पाराव म्हणाले, "बायामानसांचं आसतील, साहेब. लिंपायचं काम बायांचंच की."

साहेबांनी चार बोटांच्या पंजावर छडी ठेवली आणि सारजाबाईकडे वळले.

"बाई, तू सांग. नाव सांगितलंस तर त्याला इजहार द्यावाच लागेल. तुझं दुकान राहील."

सारे गाव तिच्याकडे पाहू लागले. त्या क्षणी आप्पारावांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांची दया आली; जोशीबुवांचे ओठ हलत होते. तिने पंजाकडे पाहिले, मग कढईकडे पाहिले.

"भिंतीचं हाय, साहेब," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाची पाठ म्या कंदी वळखली न्हाई."

सगळ्यांनी श्वास सोडला. मी लिहिले : सदर दुकानी कोणीही खात नाही. भिंतीवरील हात गावच्या बायकांचे. साहेबांनी सही केली. कोणी खातच नसलेल्या दुकानाची गावाला गरज नसल्याने ते आज सायंकाळपासून बंद.

साहेब गेल्यावर बायनाबाई आल्या, मागे गावच्या पंधरा-वीस बायका. आपले हात सरकारदरबारी नोंदवले गेल्याचे त्यांना कळले होते.

"सारजे, आमचं हात लागलेत म्हनं हितं," बायनाबाई म्हणाल्या. "मंग आमची भजी कुटं हायती?"

सारजाबाईने उरलेले सगळे पीठ कालवले. बायका भिंतीला पाठ टेकून, रस्त्याकडे तोंड करून, मांड्या घालून, हसत खायला बसल्या. धुळाजीने त्यांना रामराम घातला. बायनाबाई खाता खाता उठल्या आणि त्यांनी आपला हात चार बोटांच्या पंजावर टेकवून पाहिला.

"माजी तर पाची हायती," त्या म्हणाल्या आणि आप्पारावांकडे पाहून पुढचे भजे तोंडात टाकले. आप्पारावांना तोंड करायला त्या वेळी कुठेच भिंत मोकळी नव्हती.

बायकांनी खाल्ले याचा मात्र उपयोग झाला नाही. असामी म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो, आणि जमीन एकीच्याही नावावर नव्हती.

सारजाबाई भावाकडे तलवाड्याला गेली. तिथे ती त्याची मेंढरे राखते आणि त्या कढईत मेंढरांना पाणी पाजते, असे धुळाजी सांगतो. भिंत अजून उभी आहे. बाजाराच्या दिवशी अजूनही काही मंडळी सवयीने तिच्यापुढे बसतात आणि रिकाम्या हातांनी उठून जातात. पंजेही आहेत. शेवटून तिसरा, अंगठ्यापाशी शाईचा डाग असलेला, कोणाचा ते कळायला मार्ग नाही.

तिच्या वतीने वर दाद मागावी, असा माझा विचार आहे. अर्ज तयार आहे. फक्त दोन इज्जतदार असामी हव्यात. खाल्लेच पाहिजे असेही नाही. वर या हकिकतीत करडीचे तेल आणि हातावर चोळलेला ओवा आला, तिथे आपल्या तोंडाला पाणी सुटले, एवढे ज्याने त्याने नाव, गाव आणि बापाच्या नावानिशी कबूल केले तरी भागेल. चार लोकांसमोर, मोठ्याने. या, पुढे या.

कोणी नाही?

असू द्या. तुमच्यासमोर हे पान आहेच. तोंड तिकडेच राहू द्या. मी पाठ ओळखत नाही.