परतीची तारीख

"नवी वस्तू कुणीही करील. जुनी करायला प्रतिभा लागते!"

सुदामराव दोंद्यांनी हे वाक्य रविवारी सकाळी सात वाजता, अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, खिडकीशी उभं राहून उच्चारलं. ऐकणाऱ्यांवर त्याचा काय परिणाम झाला हे कळलं नाही. कारण तेवढ्यात मोरीतून त्यांच्या आईचा, बनूबाईंचा आवाज आला, "सुदाम, माझी मिश्री कुठं गेली रं?"

मिश्री प्रतिभेत गेली होती.

सुदामराव ऑर्डनन्समध्ये, म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासनीस होते. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. समोर आलेला नग भिंगाखाली धरायचा, मोहरीएवढा गंज दिसला तरी त्याच्यावर लाल ठिपका द्यायचा आणि नग बाद करायचा. हा माणूस घरी आला की चहा पिऊन गंज तयार करायला बसायचा. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ते मालगाडीचे वीतभर लांबीचे डबे बनवत. डबा बनवून भागत नसे. नवा कोरा डबा म्हणजे पोरांचं खेळणं. तो वीस वर्षं कोळसा ओढून कंबरडं मोडलेला दिसला पाहिजे. त्यासाठी मीठ-लिंबाच्या पाण्यात लोखंडाचा कीस भिजवून केलेला गंज एका जुन्या औषधाच्या बाटलीत कायम तयार असे. धुळीसाठी विटेची भुकटी, सिमेंटच्या डागांसाठी बायकोची, चांगुणाबाईंची, तोंडाला लावायची पावडर. इंजिनाच्या धुराची काजळी मात्र जळक्या तंबाखूच्या मिश्रीशिवाय उतरत नाही, हा शोध त्यांनी दोन वर्षांपूर्वी, म्हणजे सत्त्याऐंशी साली लावला. तेव्हापासून बनूबाई मिश्रीची डबी उशाखाली ठेवून झोपत.

चाकं त्यांनी उल्हासनगरला लेथवर करून घेतली होती. तिथला सिंधी कारागीर नमुना उलटसुलट करून म्हणाला होता, "कौन सी मशीन का पार्ट है, साईं? कितना हजार पीस?"

"चोवीस," सुदामराव म्हणाले होते.

"चोवीस हजार?"

"नुसते चोवीस. सहा डब्यांचे."

कारागिरानं त्यांना आधी बसायला स्टूल दिलं होतं, ते परत घेतलं.

"आज तरी हे भंगार उचला," चांगुणाबाई म्हणाल्या. "अकरा वाजता लोक यायचेत. पोरीच्या सासरचे होणार का नाही ते आजच ठरायचंय, आणि तुम्ही हाताला विटा फासून उभे."

लोक म्हणजे बदलापूरचे, हेंद्रेपाड्यातले ओव्हाळ. मुलगा नाथा कल्याणला टेलिफोन ऑफिसात होता. दोंद्यांची बकुळा शाळेत शिकवत होती. याआधी आलेली चार स्थळं बकुळानंच नाकारली होती. एकाला तिनं नोकरी सोडायला हवी होती, दुसऱ्याला तिचा पगार हवा होता, आणि बाकीच्या दोघांच्या बाबतीत तिनं कारण सांगितलंच नव्हतं. या पाचव्याला मात्र ती एका लग्नात भेटली होती, आणि त्यानंतर महिनाभर इस्त्री करताना गुणगुणत होती. सकाळी वेणी घालताना ती बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, हे स्थळ मोडू नका म्हणजे झालं."

"मी कशाला मोडतोय?" सुदामरावांनी विचारलं. त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

त्यांनी पाच डबे पलंगाखाली सरकवले. सहावा सगळ्यांत सरस, कोळशाचा उघडा डबा. तो खिडकीत ठेवून ते पेढे आणायला स्टेशनकडं गेले. अर्ध्या तासानं परत आले, तर खिडकीत काहीतरी चमकत होतं.

"बघ," बनूबाई समाधानानं म्हणाल्या. त्यांच्या हातात काथ्या होता, काथ्याला चिंच आणि राख लागली होती. "निस्ता गंजून गेलता. पावणं काय म्हणतील, या घरात घासायला बाई न्हाई? हात दुकलं, पर काडला सगळा."

सगळाच काढला होता. गंज, काजळी, धूळ, त्याखालचा तपकिरी रंग, अक्षरं, आकडे. तीन महिन्यांच्या कष्टांच्या जागी मूळचा पत्रा लखलखत होता, आणि त्याच्यावरची तेल कंपनीची दोन भुईमुगाच्या शेंगांची जोडी हसत होती. यात माया किती आणि मिश्रीचा सूड किती, हे सुदामरावांना पुढंही कधी ठरवता आलं नाही.

"आई, अगं..." ते एवढंच म्हणाले.

"ऱ्हाऊ दे, आभार कशाला," बनूबाई म्हणाल्या.

आता शहाण्या माणसानं तो डबा इतर पाचांबरोबर पलंगाखाली ढकलला असता. सुदामराव पुढं ही गोष्ट स्वतःच सांगत, तेव्हा या ठिकाणी थांबून म्हणत, "पण त्या खोलीत शहाणा माणूस नव्हता, मीच होतो." त्यांना ती शेंगांची जोडी बघवेना. घड्याळात साडेनऊ झाले होते. त्यांनी रंग काढले, बाटली काढली, आणि जिवाच्या आकांतानं डबा पुन्हा जुना करायला घेतला. पावणेअकराला गंज चढला. राहिली अक्षरं. चौऱ्याऐंशी साली मालधक्क्यावर उभ्या असलेल्या एका खऱ्या डब्याचे आकडे त्यांनी वहीत टिपून ठेवले होते. ते त्यांनी बारीक ब्रशनं जसेच्या तसे उतरवले. शेवटचा आकडा काढला आणि दार वाजलं.

डबा ओला होता. तो कुठंही लपवणं शक्य नव्हतं. जिथं रंगवला त्या टीव्हीवरच तो राहिला.

दारात नाथा, त्याची आई जनाबाई, आणि पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले शिवराम ओव्हाळ.

"जय भीम, जय भीम! या, या," म्हणत सुदामरावांनी भावी व्याह्यांना कडकडून मिठी मारली. मिठी सुटली तेव्हा शिवरामांच्या खांद्यावर गंजाची पाच बोटं उमटली होती. चांगुणाबाईंनी ती पाहिली, बकुळानं पडद्याआडून पाहिली, जनाबाईंनीही पाहिली. अशा वेळी काय बोलतात, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पोहे आले. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. शिवराम मोजकं बोलत. पस्तीस वर्षं रेल्वेत होतो, गेल्या साली रिटायर झालो, एवढं त्यांनी सांगितलं.

"कुठल्या खात्यात?" सुदामरावांनी विचारलं.

"मालगाड्या तपासायचो. कल्याण यार्डात," शिवराम म्हणाले आणि त्यांची नजर टीव्हीवर गेली.

ती तिथंच राहिली. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, चष्मा बदलला, उठले आणि टीव्हीसमोर उकिडवे बसले. मग बशीतला चमचा घेऊन त्यांनी डब्याचं पहिलं चाक टिंग करून वाजवलं. कान लावला. दुसरं वाजवलं. तिसरं. चौथं. बकुळा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिला बघायला आलेल्या मंडळींपैकी निदान एक जण तिच्याकडं पाठ करून बसला होता.

"चाकं ठीक आहेत," शिवराम म्हणाले. सुदामरावांची छाती फुगली. "हा डबा पास कुणी केला?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"मी पण तपासनीसच की. ऑर्डनन्सला."

"तरीच. तुमचा माल एकदाच सुटतो. आमचा परत यावा लागतो." शिवरामांनी डब्याच्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांवर बोट नेलं. "ही ओव्हरहॉलची तारीख. ही परतीची. म्हणजे या तारखेच्या आत डबा कारखान्यात परत गेला पाहिजे. वाचा."

सुदामरावांनी वाचलं. परतीची तारीख पंच्याऐंशीची होती. पहिल्या वेळी त्यांनी हिशेब करून ती पुढं ढकलली होती, आज घाईत वहीतली तशीच उतरली होती.

"चार वर्षं हा डबा तपासणीशिवाय पळतोय!" शिवराम म्हणाले.

"पळतोय कुठं? टीव्हीवर उभा आहे!"

"तुमच्याकडं उभा आहे. उद्या गाडीला लागला तर?"

"अहो, वीतभर पत्र्याचा आहे तो!"

"डबा पत्र्याचा असेल. तारीख पत्र्याची नाही." आणि शिवरामांनी सदऱ्याच्या खिशातून खडू काढला. रिटायर होऊन वर्ष झालं तरी खडू खिशात होता. त्यांनी डब्याच्या ओल्या गंजावर शांतपणे फुली मारली. "सिक."

रेल्वेत नादुरुस्त डब्याला असं आजारी ठरवतात आणि गाडीतून काढून बाजूच्या रुळावर टाकतात. हे सुदामरावांना माहीत होतं. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांचा माल बाद केला होता. त्यांचा माल बाद करणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला होता, आणि तो त्यांचे पोहे खात होता.

"डब्याचं सोडा," सुदामराव म्हणाले. चांगुणाबाईंनी डोळे मोठे केले, पण उशीर झाला होता. "तुमच्या मुलाला एकतीस झाली. त्याची परतीची तारीख कुणी बघितली का?"

खोलीत टाचणी पडली असती तरी तिनं माफी मागितली असती.

"तीस, काका," नाथा नम्रपणे म्हणाला. "एकतिसावं मार्चमध्ये लागेल."

शिवराम उठले. चांगुणाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. बनूबाई मोठ्यानं पुटपुटल्या, "म्या घासून ठेवलं व्हतं चांगलं." सुदामरावांनी मान वळवली. बकुळा ट्रे घेऊन तशीच उभी होती. कपांवर साय धरली होती. ती बापाकडं बघत होती. रागानं नाही. सकाळी जे सांगितलं होतं त्याची आठवण देत होती, तेवढंच.

सुदामराव टीव्हीपाशी गेले. लाल रंगाची डबी उघडली, ब्रश बुडवला, आणि खडूच्या फुलीखाली स्वतःच्या हातानं लाल ठिपका दिला.

"बाद," ते म्हणाले. "तारीख बघून लिहिली, विचार करून लिहिली नाही. तपासनिसाची चूक आहे. आणि मुलाबद्दल बोललो ती बापाची चूक आहे. दोन्ही माझ्याच नावावर घाला, ओव्हाळसाहेब."

शिवराम दारापर्यंत गेले होते. ते थांबले. त्यांनी त्या लाल ठिपक्याकडं पाहिलं. मग चपला परत काढल्या.

"सिक केलेला डबा असा टाकून जाता येत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "रिपेअर करून सोडावा लागतो. सतरंजी आहे का?"

"चला ताई, आपण आत बसू," जनाबाई चांगुणाबाईंना म्हणाल्या. "हे आता उठत नाहीत. मला माहितीये ना." कसं माहितीये, ते त्यांनी सांगितलं नाही.

नाथानं बकुळाच्या हातातून ट्रे घेतला. दोघं गार चहा घेऊन गॅलरीत गेली.

पुढचे चार तास दोन तपासनीस सतरंजीवर पालथे पडून होते. ब्रेकचा दांडा चुकीच्या बाजूला होता, तो निघाला. बिजागऱ्या हलल्या. मध्येच शिवरामांनी विचारलं, "जोड कशानं मारलाय? सरसानं सुटत असेल हा?" सुदामरावांना प्रश्न फारच माहितगार वाटला, पण त्यांच्या तोंडात ब्रश होता. पलंगाखालचे उरलेले पाचही डबे तपासणीला बाहेर आले. दोन पास झाले. जेवणाची ताटं आली, तशीच सतरंजीच्या कडेला ठेवली गेली, आणि भाताच्या एका शितानं शिवरामांनी एक सुटलेली पाटी चिकटवली.

चारच्या सुमाराला चांगुणाबाई बाहेर आल्या. "ठरलं," त्या म्हणाल्या.

"काय?" दोघांनी एकदम मान वर केली.

"लग्न. वैशाख पौर्णिमेला. हॉल अंबरनाथचा, जेवण साधं. पोरांना विचारलंय, जनाबाईंनी होकार दिलाय, आईंना पण पटलंय. तुमचं दोघांचं काही म्हणणं?"

दोघांचं काही म्हणणं नव्हतं. शिवराम हात पुसत उठले, चपला घातल्या. मग त्यांनी मागं वळून इकडंतिकडं बघितलं आणि घसा साफ केला.

"तसं आमच्याकडं देणंघेणं नाही. सुरुवातीलाच कळवलं होतं. पण... एक मागणी आहे."

चांगुणाबाईंच्या डोळ्यांसमोरून फ्रिज गेला, स्कूटर गेली, सोन्याची साखळी गेली. नाथा लाल झाला. "बाबा, काय हे?" तो म्हणाला. बकुळाचा हात गॅलरीच्या दारावर घट्ट झाला. सुदामरावांनी ब्रश खाली ठेवला. "बोला," ते म्हणाले.

शिवरामांनी खांद्यावरच्या पाच बोटांकडं नजर टाकली. आल्यापासून त्यांना ती दिसली होती.

"माझ्याकडं पण आहेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "अकरा डबे. माळ्यावर. आयुष्यभर गंज दिसला की फुली मारली, त्यामुळं स्वतःच्या डब्याला लावायला हातच होत नाही. सगळे कसे नवरदेवासारखे दिसतात. हा तुमचा गंज अस्सल आहे. सदरा धुणार नाही मी, नमुना म्हणून ठेवीन. पण... बाटलीभर मिळेल का?"

सुदामरावांनी बाटली काढली, बूच घट्ट केलं आणि दोन्ही हातांनी पुढं केली. शिवरामांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि मग जरा घुटमळून विचारलं, "आणि काजळी कशाची केलीत?"

सुदामरावांनी आईकडं पाहिलं.

बनूबाईंनी उशाखालून डबी काढून पदराला बांधली.

"पावणं," त्या म्हणाल्या, "पोरगी न्या, गंज न्या. येवढी मिश्री ठिवून जा."