दुर्बिणीची हरकत

शाल्मली इंगवलेच्या एअरसॉफ्ट रायफलीवर चिकटवलेल्या दुर्बिणीने उतरायला नकार दिला. नकार सभ्य भाषेत होता आणि दुकानात हजर असलेल्या सगळ्यांना तो स्पष्ट ऐकू आला.

"तुम्ही तुमचं काम करा, माझं काही म्हणणं नाही," दुर्बीण म्हणाली. "पण मी उतरणार नाही."

इरफान मुजावरांनी हातातला हेअर ड्रायर बंद केला. कोल्हापुरात खेळातल्या बंदुका दुरुस्त करणारे ते एकटेच होते आणि चिकटवलेल्या भागाने बोलणं त्यांना नवीन नव्हतं. कुणी मूठ चिकटवून टाकतं, कुणी दस्ता, आणि मग पस्तावून त्यांच्याकडे आणतं. असे भाग थोडी कुरकुर करतात, ऊब लागली की सैल पडतात आणि आपणहून ट्रेमध्ये जाऊन बसतात. या दुर्बिणीला मात्र ऊब देऊन झाली होती. नेलपॉलिश काढायचं औषध फटीत सोडून झालं होतं. नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढून झाला होता आणि दोराच तुटला होता. शेवटी रायफल रात्रभर शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्येही ठेवली होती. सकाळी दुर्बीण एवढंच म्हणाली होती की आत गारवा बरा आहे.

"ताई, हिला बसवून किती वर्षं झाली?" इरफानभाईंनी विचारलं.

"सहा."

"मग मिटलं की. पाच वर्षं उलटली की जबरदस्ती चालत न्हाई. आता हाफिसात जावा."

शाल्मली दातांची डॉक्टर होती. दाढेवर घट्ट बसलेल्या कॅप ती रोज काढत असे आणि त्यांच्यापैकी एकीनेही कधी तोंड उघडलं नव्हतं, कारण माणसाच्या तोंडातल्या वस्तूंना चिकट भागांचा नियम लागू नव्हता. त्यामुळे नकार ऐकायची तिला सवय नव्हती.

"का उतरणार नाहीस?" तिने विचारलं.

"कारण कार्यालयात सांगेन," दुर्बीण म्हणाली.

शाल्मली दर रविवारी जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी एका पडीक माळावर खेळायला जायची. दोन संघ, झुडपं, मातीचे बांध, आणि प्लास्टिकचे बारीक छर्रे उडवणाऱ्या, दिसायला खऱ्यासारख्या रायफली. छर्रा लागला की माणसाने प्रामाणिकपणे हात वर करून बाहेर पडायचं. रायफल नवी घेतली तेव्हा तिच्यावरची दुर्बीण स्क्रूने नीट बसेना. शाल्मलीचे वडील हिंदुराव इंगवले, घरातले आप्पा, म्हणाले, "आण इकडं, मी बसवतो." ते चित्रकलेचे मास्तर होते. फळ्यावर एका झटक्यात, खडू न उचलता पूर्ण गोल काढण्याबद्दल त्यांची तालुक्यात ख्याती होती. त्यांनी गाड्यांच्या काचा बसवायचा गोंद आणला, एक डोळा मिटला आणि अंदाजाने दुर्बीण बसवून दिली.

पहिल्याच रविवारी तिच्या लक्षात आलं की दुर्बीण वाकडी बसली आहे. समोरच्याच्या छातीवर नेम धरला की छर्रा डावीकडच्या झुडपात जायचा. संध्याकाळी आप्पांनी दारातच विचारलं, "कशी आहे?" आणि ती म्हणाली, "एकदम सरळ." तेव्हापासून ती प्रत्येक माणसाच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेवर नेम धरत आली होती. जवळच्याला ते लागू पडायचं, लांबच्याला नाही. आणि आता संघाचा कर्णधार धैर्यशील याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "डॉक्टर, पुढच्या रविवारी ती दुर्बीण काढून या. नाहीतर पाण्याच्या ड्रमपाशी बसा आणि ग्लास भरा."

चिकट भाग निवारण कार्यालय भाजी मंडईच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या अधिकारी सौंदलगेकर मॅडम यांच्या टेबलाचा खण स्वतःच चिकटून बसला होता. त्याचं प्रकरण त्या स्वतः चालवू शकत नसल्यामुळे त्या खणात ठेवायचं सामान मांडीवर घेऊन काम करत. त्यांनी रायफल उलटसुलट करून पाहिली.

"बसवणारे हयात आहेत?"

"आहेत. पण त्यांना यात नको आणायला."

"आणावंच लागतं. बसवणाऱ्यासमोर हरकत ऐकायची, असा नियम आहे. गुरुवारी घेऊन या."

शाल्मली जिना उतरून खाली आली आणि बराच वेळ स्कूटर चालू न करता नुसती बसून राहिली. आप्पांना काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. दुर्बीण वाकडी आहे असं सांगायचं, तर पुढचाही प्रश्न यायचा की वाकडी का बसली. त्या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही ते उच्चारत नव्हतं. आप्पांचा उजवा हात थरथरायचा. चहा त्यांच्यासमोर हल्ली मोठ्या मगात येई, तोही अर्धाच भरलेला. भाकरी तुकडे करून येई. आणि हे असंच चालत आलं आहे, असं सगळे वागत.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आप्पा, दुर्बीण बदलायची म्हणते. जरा मोठी घ्यावी."

"मग बदल की. मला काय विचारतीस?"

"ती उतरत नाही म्हणते. तुम्हाला कार्यालयात यायला लागेल."

"येतो," आप्पा म्हणाले आणि इस्त्रीचा सदरा कुठे आहे ते विचारू लागले.

गुरुवारी शाल्मली आणि आप्पा कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. मधे रायफल होती. आप्पा पाणी प्यायला उठून गेले, तेव्हा दुर्बीण हळू आवाजात बोलली.

"डॉक्टर, तुम्हाला आधीच सांगून ठेवते. आत मास्तरांसमोर मला बोलता यायचं नाही."

"काय ते सांग."

"माझ्याखाली गोंदाची रेघ आहे. त्यांनी ट्यूब धरून स्वतः ओढलेली. मी उतरले की ती दिसेल. तुम्हाला दिसेल, मॅडमना दिसेल, दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. ती रेघ सरळ नाही. चित्रकलेच्या मास्तरांची रेघ आहे ती, म्हणून मी बसून आहे."

व्हरांड्याच्या टोकाला आप्पा दोन्ही हातांनी ग्लास धरून पाणी पीत होते. पाठमोरे उभे होते, म्हणजे कुणाला दिसू नये असेच. सहा वर्षं आपण या दुर्बिणीला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या, हे शाल्मलीला आठवलं.

आत सौंदलगेकर मॅडमनी मांडीवरच्या फायली एका बाजूला सरकवल्या.

"दुर्बिणीने हरकतीचं कारण सांगावं."

"मास्तरांना बाहेर पाठवलं तर सांगते."

"तसं करता येत नाही."

"मग मला कारण नाही."

"कारण नसेल तर हरकत फेटाळावी लागते. मुजावर करवत घेऊन येतील आणि तुझे दोन तुकडे होतील. कळतंय का?"

"कळतंय," दुर्बीण म्हणाली.

कार्यालयाने बोलावलेले इरफानभाई दाराशी करवत घेऊन उभेच होते. त्यांनी ती पाठीमागे लपवली.

शाल्मली उठली. "मॅडम, मी अर्ज मागे घेते. राहू दे तिला आहे तिथं. मला काही अडचण नाही."

"अडचण नव्हती तर अर्ज कशाला केला होता?"

"चुकून केला."

"थांब," आप्पा म्हणाले.

ते खुर्चीतून उठले नाहीत. शाळेत मुलांना गप्प करायचे तेव्हाही ते कधी उठत नसत. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. हात टेबलावर थरथरू लागला, आणि टेबल हलकं असल्यामुळे त्याच्यावरचं पेनही थरथरू लागलं.

"मॅडम, ही दुर्बीण सरळ नाही. नेम डावीकडे जातो. मीच बसवली आहे, मला माहीत आहे. माझा हात त्या दिवशी पहिल्यांदा हलला. गोंद ओढताना हलला. मी घाईघाईने वरून दुर्बीण दाबून टाकली."

चिकटलेला खणसुद्धा, जो एरवी सुनावणीत मधे मधे करकरायचा, गप्प राहिला.

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं?" शाल्मलीने विचारलं.

"न माहीत असायला काय झालं? आयुष्यभर रेघाच ओढल्या की मी." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "त्या रविवारी तू परत येईपर्यंत दारात बसलो होतो. म्हटलं, ही सांगेल, आप्पा, वाकडी झालीय. मग मी म्हणेन, होय बाई, हात हलतोय हल्ली. तेवढं बोलून मोकळं झालो असतो. तर तू म्हणालीस, एकदम सरळ." ते किंचित हसले. "मी म्हटलं, असेल. पोरगी म्हणते तर असेल सरळ."

"मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं. पण दोन दिवस वाटलं असतं."

सौंदलगेकर मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "बसवणाऱ्याने भागाला तसं स्वतः सांगावं," त्या म्हणाल्या.

आप्पा दुर्बिणीकडे वळले. "बाई, पुष्कळ बसलीस. ये आता खाली."

"मास्तर, नक्की?"

"नक्की."

"सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे."

झाकण उघडताना व्हावा तेवढाच आवाज झाला. दुर्बीण रायफलीवरून सुटली, टेबलावरून घरंगळत आप्पांच्या हातापाशी गेली आणि थांबली. रायफलीवर गोंदाची रेघ उघडी पडली. ती पिवळट झाली होती. सुरुवातीला बोटभर अगदी सरळ होती, मग एकदम वर गेली होती, खाली आली होती आणि शेवटपर्यंत तशीच नागमोडी गेली होती. शाल्मलीने पाहिली, मॅडमनी पाहिली, इरफानभाईही दारातून पुढे येऊन वाकून बघून गेले.

"जरा हललीय," ते म्हणाले.

"होय," आप्पा म्हणाले. "चांगलीच हललीय."

इरफानभाईंनी गोंद खरवडून देऊ का, असं विचारलं. शाल्मलीने आप्पांकडे पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली, "नेम धरताना आडवी येत नाही ती." मॅडमनी निकाल सांगितला की भाग आता मोकळा आहे आणि कुठे राहायचं ते त्याने स्वतः ठरवावं. दुर्बीण म्हणाली की ती मास्तरांच्या खिशात राहील. खिसा पुरेसा खोल आहे का, हे मॅडमनी तपासून घेतलं आणि पुढच्या प्रकरणाला हाक मारली. कुणाची तरी बुटाची टाच होती.

रविवारी शाल्मली दुर्बिणीशिवाय माळावर गेली. रायफलीवरची मूळ, साधी माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा खुंट, आता उघडी होती आणि तिच्यावरून नेम अगदी सरळ लागत होता. पण सहा वर्षांची सवय अशी एका दिवसात जाणार नव्हती. समोर माणूस दिसला की तिचे हात आपोआप त्याच्या उजवीकडे वळायचे आणि छर्रा तिकडच्या झुडपात जायचा. ती पहिल्या डावात बाद झाली आणि दुसऱ्याही. धैर्यशील कपाळाला हात लावून म्हणाला, "डॉक्टर, आता काय काढायचं राहिलंय?"

"हात," ती म्हणाली आणि पाण्याच्या ड्रमपाशी जाऊन बसली.

तिथे आप्पा होते. ते आज आपणहून आले होते आणि खेळाडूंना पाणी द्यायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. ग्लास ते काठोकाठ भरत, आणि समोरच्याच्या हातात पोचेपर्यंत तो अर्धा होई. पहिले दोघेतिघे इकडेतिकडे बघू लागले. मग आप्पाच म्हणाले, "हात हलतोय माझा. दोनदा घ्या." त्यानंतर सगळे दोनदा घेऊ लागले.

शाल्मलीने तिच्या वाट्याचा अर्धा ग्लास पिऊन पुढे केला. "अजून द्या."

आप्पांनी परत भरला. त्यांच्या पायाखालच्या मातीचा भिजून चिखल झाला होता.

"मास्तर, मला जरा वर धरा," खिशातून दुर्बीण म्हणाली. "इथून नुसतं कापड दिसतंय."

आप्पांनी तिला बाहेर काढून उजव्या हातात उंच धरलं.

"दिसतंय का आता?"

"दिसतंय. सगळं हलतंय, पण दिसतंय."

पंचांनी येऊन चौकशी केली आणि पाणी देणाऱ्याच्या हातातली दुर्बीण ही प्रेक्षक धरावी, असं ठरवलं. तिसऱ्या डावाची शिट्टी झाली. दुर्बिणीने पलीकडच्या बांधाआडून दोघं येत असल्याचं सांगितलं, आणि शाल्मलीने ग्लास ड्रमवर ठेवून रायफल उचलली.